अकरा टन जाळी

डब्लिनहून आकडेवाली बाई येणार म्हणून ब्रोना मॅकनेलिसने सकाळपासून शेड दोनदा धुऊन काढली होती, आणि बाईसाठी धुतेय असं कुणी म्हणालं तर त्याला पाइपने भिजवायची तिची तयारी होती.

"बाईसाठी धुतेयस होय?" ह्यूडीने विचारलंच. तो भिजला.

ह्यूडी बॉयल शेडमधली फोर्कलिफ्ट चालवायचा, रविवारी गावच्या फुटबॉल क्लबाचा अध्यक्ष असायचा आणि आठवड्याचे सातही दिवस तोंड चालवायचा. शेड मात्र ब्रोनाची. पोर्टकॅरनच्या धक्क्यावर बोटींची फाटकी जाळी उतरायची ती तिच्याकडे यायची. ती दांड्यांवर टांगून सुकवायची, काट्यावर चढवायची, शिसं आणि दोर वेगळे काढून गठ्ठे बांधायची आणि परदेशातल्या कारखान्याला वितळवायला पाठवायची. हे सगळं तिने एकटीने उभं केलं होतं, भाऊ गेल्यानंतर. कॉर्मकच्या बोटीच्या पंख्यात भर समुद्रात कुणीतरी टाकून दिलेलं जाळं अडकलं, इंजिन बंद पडलं आणि वारा खडकांकडे होता. बोट मिळाली, कॉर्मक मिळाला नाही. त्यानंतर या बंदरातलं एकही जाळं पाण्यात जाता कामा नये, असा ब्रोनाने पण केला होता. गावात तिच्यासमोर सिगारेटचं थोटूकसुद्धा कुणी समुद्रात टाकत नसे, उगाच कशाला वाघाच्या तोंडी जा!

आणि अशा बाईला सरकारने पत्र पाठवलं होतं.

सरकारचं डोकं कसं चालतं बघा. कचऱ्याचा हिशेब देशाला युरोपकडे एकदाच देऊन भागत नाही. किती जुनी जाळी बंदरावर उतरली, हे एका कायद्याखाली बंदरांना विचारून सांगायचं. किती कचऱ्याची विल्हेवाट लागली, हे दुसऱ्या कायद्याखाली कारखान्यांना विचारून सांगायचं. दोन्ही कायदे वेगळे, दोन्ही टेबलं वेगळी, आणि टेबलांवरची माणसं जेवायलाही एकत्र बसत नसतील. मग तिसरं कुणीतरी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवतं आणि ते एकमेकांशी जुळतात का पाहतं. पोर्टकॅरनचे जुळले नव्हते. ब्रोनाने कळवलं होतं, गेल्या वर्षी सेहेचाळीस टन जाळी उतरली. कारखान्याने कळवलं होतं, आम्हाला पस्तीस टन मिळाली. पत्र अगदी नम्र होतं. मधली अकरा टन 'सागरी परिसरात परत गेली असण्याची शक्यता' आपण तपासली आहे काय, असं त्यात विचारलं होतं.

म्हणजे तुम्ही समुद्रात फेकलीत का? दुसरा काय अर्थ होतो त्याचा? महिनाअखेर उत्तर मिळालं नाही तर शेडचा परवाना जाणार होता. परवान्याचं एक वेळ सोडा, पण मॅकनेलिसची पोर जाळी समुद्रात टाकते ही बातमी त्या किनाऱ्यावर पसरली असती, तर ब्रोनाने तोंड कुठे लपवलं असतं?

काउन्टीच्या कचेरीतल्या एका भल्या माणसाने फोनवर तोडगा सुचवला होता. "सेहेचाळीसच्या जागी पस्तीस लिहा, सही करा. जाळी ओली होती, वजन जास्त भरलं म्हणा. सगळेच म्हणतात. दोन्ही आकडे सारखे झाले की मिटलं." ब्रोनाने दोन रात्री झोप गमावली आणि शेवटी तो कागद भरून टेबलावर ठेवला होता. सही तेवढी राहिली होती.

अकराच्या बसने डब्लिनची आकडेवाली, अट्रॅक्टा टूही, उतरली. साठी ओलांडलेली, बुटकी, पायात चिखलाचे बूट, हातात भाकरतुकड्याची पिशवी. ब्रोनाने डोळ्यांपुढे आणलेली साहेबीण ही नव्हती. आल्या आल्या तिने चहा मागितला, तीन चमचे साखर घातली आणि टेबलावरचा कागद उचलून वाचला.

"वजन करताना चुकला होतात तुम्ही?"

"नाही."

"जाळी ओली होती?"

"माझ्याकडे आठवडाभर सुकल्याशिवाय काट्यावर काही चढत नाही."

"मग हे खोटं कशाला लिहिताय?"

ब्रोनाचं डोकंच फिरलं. "तुमच्यासाठी! तुम्हालाच आकडे सारखे हवेत ना? घ्या, केले सारखे! आता जा परत!"

अट्रॅक्टाने कागदाची नीट घडी केली आणि चहाचा कप त्यावर ठेवला. "सारखे हवेत असं कोण म्हणालं? अहो, दोन बहिणींचे चेहरे सारखे नसतात. पण एकीला दुसरीबद्दल विचारलं, तर ती कुठे असते, काय करते हे सांगता आलं पाहिजे. तुमचे आकडे एकमेकांना ओळखत नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे. का ओळखत नाहीत ते शोधू. आणि चोर ठरवायला मी आलेली नाही. तसं असतं तर पोलीस आले असते, त्यांना बसने यावं लागत नाही."

कोपऱ्यात कपडे पिळत उभा असलेला ह्यूडी फिस्सकन हसला. ब्रोना हसली नाही, पण सहीचं पेन तिने खणात टाकलं.

मग बाईने जे काम आरंभलं ते पाहून ब्रोनाला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, की ही खुर्ची उबवणाऱ्यांतली नव्हे. आधी काटा तपासायचा होता. "कुणाचं वजन नक्की माहीत आहे?" तिने विचारलं.

"माझं!" ह्यूडी पुढे झाला. "पंच्याण्णव किलो. लग्नापासून फरक नाही."

काट्याने एकशे सतरा दाखवले.

"काट्यात खोट आहे," ह्यूडी म्हणाला. "सापडलं तुमचं कारण, बाईसाहेब! हा काटा वाढवून सांगतो."

अट्रॅक्टाने पिशवीतून शिक्का मारलेलं वीस किलोचं वजन काढलं, भाकरतुकड्याच्या खालून. ते तिने डब्लिनहून मांडीवर आणलं होतं. काट्याने वीस दाखवले, ना कमी ना जास्त. "काटा बरोबर आहे," ती ह्यूडीला म्हणाली, "लग्न जेवू घालणारं दिसतंय." आता मात्र ब्रोनाला हसू आवरलं नाही.

पुढचे दोन दिवस बाई शेडमध्ये राबली. सुकलेलं जाळं पुन्हा भिजवून पुन्हा सुकवलं आणि पाण्याने किती वजन वाढतं ते पाहिलं. शिसं कुठे जातं, दोर कुठे जातात, विचारलं. तेही पस्तीसमध्येच धरलेले निघाले. कारखान्याला फोन लावून त्यांच्या काट्याची चौकशी केली, ट्रकवाल्याला तो वाटेत कुठे थांबतो ते विचारलं. तो म्हणाला, "बायकोला सांगणार नसाल तर सांगतो." त्यातूनही जाळी काही निघाली नाहीत. दर वर्षी दोन-तीन टनांचा फरक असायचाच, तो ओलीच्या नावावर खपून जायचा, पण अकरा टन कुठल्याच खात्यात बसेनात.

"इथून कचरा कुणी घेऊन जातं का हो?" अट्रॅक्टाने अखेरचं विचारलं.

"कचरा?" ब्रोनाला तो प्रश्नच खुळ्यासारखा वाटला. "इथले लोक कचरा कशाला नेतील? घरचा काय कमी आहे?"

"ह्यूडी, तुम्ही?"

"छे! माझी आई म्हणायची, दुसऱ्याचा कचरा घरात आणला की दारिद्र्य येतं."

दोघंही खरं बोलत होते. देवाशपथ खरं बोलत होते, हीच तर गंमत.

तिसऱ्या दिवशी दुपारी ब्रोना तिला व्हॅनमधून बसथांब्यावर सोडायला निघाली. बाई वाईट नाही, हे ब्रोनाला एव्हाना पटलं होतं, आणि त्यामुळे तर जास्तच रडू येत होतं. दुष्ट माणसाने परवाना काढून घेतला असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. धक्क्याजवळच राहणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस गिल्डीच्या घराचं वळण आलं आणि अट्रॅक्टा एकदम म्हणाली, "थांबवा."

"बस चुकेल."

"चुकू दे. थांबवा म्हणते ना!"

ती उतरली आणि सरळ कुंपणावरून हात घालून मिसेस गिल्डीच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावरचं आवरण तिने चिमटीत धरलं. हिरवा दोरा, जाड गाठ. बोटांनी चोळून पाहिला.

"हे काय आहे?"

"जाळं," ब्रोना म्हणाली. "पाखरं स्ट्रॉबेरी ठेवत नाहीत."

"कुठून आलं?"

"शेडमधून. आणखी कुठून येणार?"

"पण कुणी काही नेत नाही म्हणालात!"

"कचरा नेत नाही म्हटलं मी. हे जाळं आहे!"

म्हणून झालं आणि ब्रोनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! ती व्हॅनच्या बॉनेटला टेकून उभी राहिली. समोरच्या शेतात ओकॉनरांच्या मुरघासाच्या ढिगावर जाळं पसरलेलं होतं, कावळ्यांनी प्लास्टिक फोडू नये म्हणून. पलीकडे कोंबड्यांच्या खुराड्याला जाळं, मैदानात दोन्ही गोलांच्या खांबांमागे जाळं. टेकडीवरच्या शाकारलेल्या घराचं छप्परही वाऱ्याने उडू नये म्हणून जाळ्याने बांधून चारी बाजूंनी दगड लटकवलेले. आणि गेल्या वर्षाआधीच्या हिवाळ्यात वादळाने गावातलं असलं-नसलं पांघरूण उडवून नेलं होतं, म्हणून गेल्या वर्षी अर्धा गाव येऊन नवी जाळी घेऊन गेला. आधी वजन, मग वाटप, हा धक्क्यावरचा आजोबा-पणजोबांपासूनचा रिवाज. ब्रोना सगळं वजन करून लिहायची आणि मग कुणी आलं की "ने रे" म्हणायची. त्यात सांगण्यासारखं काय होतं? शेजाऱ्याला विरजण दिल्याचं कुणी सरकारला कळवतं का?

"गाढव आहे मी," ती म्हणाली. "रोज या रस्त्याने जाते."

"रोज जाता म्हणूनच दिसलं नाही," अट्रॅक्टा म्हणाली. "मलाही तीन दिवस दिसलं नव्हतं, आणि मला दिसण्याचाच पगार मिळतो. पण आता दिसलं एवढ्याने भागायचं नाही. मोजावं लागेल."

"सगळं?"

"सगळं. 'गावकऱ्यांनी नेलं असावं' असं मी लिहिणार नाही. असावं म्हणायला डब्लिनहून यायला नको होतं मला."

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर उभं राहून ह्यूडीने जाहीर केलं, की उद्या सगळ्यांनी आपापली जाळी काट्यावर आणावीत. त्याने गोंधळ निस्तरण्याऐवजी वाढवला. दुपारपर्यंत गावात तीन अफवा होत्या. डब्लिन जाळी जप्त करणार, जाळ्यांवर कर बसणार, आणि ही बाई बाई नसून मत्स्यखात्याची हेर आहे. सोमवारी सकाळी काट्यावर काळं कुत्रंही फिरकलं नाही. ज्यांना वर्षानुवर्षं "ने रे" म्हटलं, त्यांतला एकही येऊ नये?

मग धक्क्याच्या वळणावर एक ढकलगाडी दिसली. मिसेस गिल्डी, वय एक्याऐंशी, स्ट्रॉबेरीवरचं जाळं गाडीत घालून ढकलत येत होती.

"ए डब्लिनवाले," ती अट्रॅक्टाला म्हणाली, "हे जप्त करणार असशील तर आधी मला जप्त कर. पण या पोरीचं नाव खराब होत असेल तर माझी स्ट्रॉबेरी गेली खड्ड्यात. चढव काट्यावर."

"जप्त करायला हा कचरा नाही, आजी," अट्रॅक्टा म्हणाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज चढवला, कारण आता कोपऱ्या-कोपऱ्यावर माणसं उभी राहून अंदाज घेत होती. "कायदा एका ओळीचा आहे! ज्याच्या हातात वस्तू आहे त्याने ती टाकली किंवा टाकायचं मनात आणलं, तर तो कचरा. टाकायची नसेल तर ती वस्तू! मोजून घ्या आणि घरी न्या!"

"मग माझा नवरा कचऱ्यात धरा!" मागून एक बाई ओरडली आणि गर्दीत जो हशा पिकला, त्याने काम केलं. तासाभरात धक्क्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली.

तो दिवस पोर्टकॅरनमध्ये अजून सांगितला जातो. खुराडी उघडी पडल्याने कोंबड्या रस्त्यावर आल्या. मुरघासाच्या ढिगांवर कावळ्यांनी जत्रा भरवली. क्लबाच्या पोरांनी दोन्ही गोलांची जाळी खांद्यावर घालून वाजतगाजत आणली. ब्रोना प्रत्येक जाळ्यावरून हात फिरवायची आणि सांगायची, "हे गेल्या वर्षीचं, 'मेरी बर्नडेट' बोटीचं. हे जुनं, बाजूला ठेवा. ही गाठ टॉमी शार्कीची, तो तीन वर्षांपूर्वीच निवृत्त झाला." एकदाही अडखळली नाही. अट्रॅक्टा लिहिता लिहिता थांबून तिच्याकडे बघायची, आणि तिच्या बघण्यात जो मान होता तो ब्रोनाला कुणी कधी दिला नव्हता. टेकडीवरच्या घराचं जाळं काढलं असतं तर छप्परच उडालं असतं, म्हणून बाई स्वतः शिडी चढली. त्याच जाळ्याच्या खाली उरलेल्या तुकड्याचं वजन आधीच केलेलं होतं, वर जाऊन टेपने छप्पर मोजलं आणि हिशेब मांडला. वाऱ्याने तिचा कोट डोक्यावर उलटला होता आणि खाली ह्यूडी शिडी धरून सगळे संत आठवत होता.

"बाईसाहेब, उतरा! अंदाजे लिहा की!"

"अंदाज तुमच्या वजनाचा पाहिलाय मी!" वरून उत्तर आलं.

संध्याकाळी जाळी आपापल्या घरी परतली. शेडमध्ये अट्रॅक्टाने बेरीज केली, पुन्हा केली आणि चष्मा काढला. "दहा टन सहाशे दहा. राहिले तीनशे नव्वद किलो. एवढा फरक चालतो, पोरी. कायद्यानेही चालतो आणि माझ्या मनानेही. माशांनी खाल्ले म्हणू. उद्या लिहून पाठवते, जाळी उतरली सेहेचाळीस, वितळली पस्तीस आणि बाकीची गावात राबताहेत. दोन्ही आकडे खरे होते. परवान्याला कुणी हात लावत नाही."

ह्यूडीने आरोळी ठोकली आणि आकडेवालीला चक्क मिठी मारली. ब्रोनाने मान हलवली, हसली, किटली ठेवली. सगळं मिटलं होतं. गप्प बसली असती तर जन्मात कुणाला कळलं नसतं. पण शिडीवर चढलेली ती म्हातारी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्याच्या नावासाठी जी छपरावर चढते, तिच्या हिशेबात माशांनी खाल्लेलं कसं राहू द्यायचं?

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "ह्यूडी, तू थांब."

घरामागे जळणाची खोपी होती. ब्रोनाने कडी काढली. कोपऱ्यात, भिंतीला टेकून, निळ्या जाळ्याचं एक मोठं वेटोळं पडलं होतं, मध्ये पंख्याच्या पात्यांनी कापलेलं, पिळवटून घट्ट झालेलं.

"कॉर्मकच्या पंख्यातलं," ब्रोना म्हणाली. "अपघाताच्या चौकशीवाल्यांनी इतकी वर्षं ठेवून घेतलं होतं. गेल्या वर्षी परत पाठवलं. मी ते काट्यावर घेतलं, लिहिलं, गठ्ठ्यांत टाकायला फोर्कलिफ्टने उचललं आणि... नाही टाकता आलं. घरी आणलं. तीनशे नव्वद किलो. याचा कुणाला काही उपयोग नाही. यावर स्ट्रॉबेरी नाही, कोंबड्या नाहीत. हा मात्र नुसता कचरा आहे. लिहा तसं."

अट्रॅक्टाने पिशवीतून कागद काढला, पेन काढलं, आणि काट्याजवळ बोलली होती त्याच सरकारी आवाजात विचारलं, "वस्तू तुमच्या हातात आहे?"

"हो."

"टाकायची आहे?"

ब्रोनाची मान हलली. नाही. पुन्हा हलली. नाही, नाही. आणि इतक्या वर्षांत धक्क्यावरच्या माणसांनी जे पाहिलं नव्हतं ते अट्रॅक्टा टूहीने पाहिलं, ब्रोना मॅकनेलिस जळणाच्या लाकडावर बसून लहान मुलीसारखी हमसून रडली.

अट्रॅक्टाने तिला रडू दिलं. कागदावर आकडा लिहिला, खाली रेघ मारली. "मग हा कचरा नाही," ती म्हणाली. "अकरा टन पूर्ण झाले."

मग तिने वाकून जाळ्याच्या खालच्या बाजूला हात लावून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, हे जमिनीवर कसं ठेवलंयस? ओल धरतंय. एकेक कड उचलून खाली फळ्या सरकवायला नकोत का? ऊठ, त्या बाजूने धर."

ब्रोनाने बाहीने नाक पुसलं, उठली आणि त्या बाजूने धरलं.